शंभर रुपयांना एक सेकंद : सहा आकड्यांची एक प्रिंट

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. खातेदाराला काढता येणारी एकूण रक्कम आधी १,००० रुपये. मग २६ सप्टेंबरला १०,०००, ३ ऑक्टोबरला २५,०००, १४ ला ४०,०००, ५ नोव्हेंबरला ५०,००० आणि जून २०२० मध्ये १ लाख. प्रिंटमेकिंगच्या शेवटच्या वर्षाच्या कामात मी हे सहा आकडे चितारले नाहीत, धातूच्या प्लेटवर रसायनाने खाववले (एचिंग). प्लेट जितका वेळ द्रावणात, तितका पट्टा गडद छापतो. हिशेब शंभर रुपयांना एक सेकंद. म्हणजे पहिला पट्टा १० सेकंद, शेवटचा १,००० सेकंद.

जस्ताची प्लेट ३३० बाय १५० मिमी, पट्टे सहा, प्रत्येकी ५५ मिमी. प्रिंट उलटी येते, त्यामुळे १,००० रुपयांचा पट्टा प्लेटवर उजवीकडे घ्यायचा. कडा तिरप्या घासा, मागे पॅकिंग टेप लावा, पुढची बाजू खडूची पावडर आणि अमोनियाने पुसा. नळाखाली पाणी फाटलं तर तेलकटपणा अजून आहे. मग राळेची पूड बसवून खालून गरम करायची (ॲक्वाटिंट). तिच्या कणांमधल्या फटींत द्रावण खातं आणि त्यातून छटा, म्हणजे टोन, येतो. कण पांढरे दिसायचे थांबून चकचकीत झाले की लगेच ज्योत काढा. चार सेकंद जास्त झाले तर राळ वितळून एक होते आणि टोनच येत नाही. राळेची धूळ हवेत असताना ज्योत पेटवू नका, मास्क विसरू नका.

प्लेट खाववायला नायट्रिक आम्लाऐवजी मोरचूद आणि मीठ वापरलं. मोरचूद शेतीच्या दुकानात मिळतं. नेहमीचं प्रमाण लिटरला दोन्ही १००-१०० ग्रॅम, पण त्यात सातआठ मिनिटांतच पूर्ण काळं येत होतं. मग ५०-५० वर आलो. ट्रे प्लास्टिकचाच घ्या. ॲल्युमिनियमच्या भांड्यात हे द्रावण उकळी फुटल्यासारखं तापतं. प्लेटवर तांबूस गाळ साचतो, तो पिसाने सतत हलवायचा, नाहीतर खाली डाग राहतात.

वेळ साठत जाते : १० सेकंद, बाहेर, धुणं, वाळवणं, पहिल्या पट्ट्यावर स्पिरिटमधली लाख, म्हणजे तो पुढे खाल्ला जात नाही. मग आणखी ९०, १५०, १५०, १०० आणि शेवटी ५००. लाख पूर्ण वाळू द्या, ओली राहिली तर कडेने द्रावण शिरतं.

खरी पंचाईत दोन ठिकाणी. दहा सेकंदांत जवळजवळ काहीच खात नाही, पट्टा कोराच येतो. आणि ४०० व ५०० मधला फरक डोळ्याला कळत नाही, कारण डोळा पटीत मोजतो, वजाबाकीत नाही. वेळ वाढवून पट्टे ‘छान’ करता आले असते. पण मग ते आकडे उरले नसते. पहिला पट्टा कोराच ठेवला. १,००० रुपये तेवढेच दिसायला हवेत. ४०,००० आणि ५०,००० मध्ये लाखेची एक मिमी पांढरी रेघ सोडली.

वरचा थर डिजिटल : कॉम्प्युटरवर मांडलेले पांढरे ठिपके, स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे जाळीतून शाई ढकलून छापलेले. बँकेतली बुडीत कर्जं झाकायला २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली, असं पोलिसांकडच्या तक्रारीत आहे. खात्याला एक ठिपका. २१७ गुणिले ९७ म्हणजे बरोबर २१,०४९, एकही शिल्लक नाही! प्रोसेसिंग या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन लूप आणि पीडीएफ, एवढंच काम. लूपमध्ये ‘पेक्षा कमी’ऐवजी ‘कमी किंवा बरोबर’ लिहिलं की ठिपके २१८ गुणिले ९८ होतात आणि नुसतं बघून ते कळत नाही. फाइलच्या शेवटी मोजणी छापून घ्या.

ठिपके जाळीवर उतरवायची पारदर्शक फिल्म मात्र प्लेट मोजून काढू नका. भिजवलेला कागद प्रेसमध्ये ताणलेला असतो, वाळला की आखडतो. माझ्या ३०० जीएसएम कागदावर ३३० ची प्रतिमा ३२७ झाली, आणि आडवं-उभं आखडणं सारखं नव्हतं. प्रिंट ब्लॉटिंगमध्ये वजनाखाली तीन दिवस वाळवा, दोन्ही बाजू मोजा, मग ठिपक्यांमधलं अंतर ठरवा. माझं आडवं १.५ मिमी निघालं, ठिपका ०.५. प्रिंटरमध्ये ‘फिट टू पेज’ बंद करा, त्यात ठिपके गुपचूप आक्रसतात.

जाळी ७७टी, म्हणजे सेंटीमीटरला ७७ धागे. १२० मध्ये पांढरी अपारदर्शक शाई अडकते. लेझरच्या फिल्मचा काळा विरळ असतो, दोन फिल्म एकावर एक चिकटवाव्या लागल्या. एक्स्पोजर (फिल्ममधून जाळीवर प्रकाश पाडणं) जास्त झालं तर प्रकाश कडेने आत शिरून ठिपके बुजतात, म्हणून आधी छोट्या तुकड्यावर वेगवेगळ्या वेळा तपासून घ्या. फिल्म जाळीला दहाबारा अंश तिरकी लावली की जाळी आणि ठिपके मिळून होणाऱ्या लाटा दिसत नाहीत. छापताना दर सहासात प्रतींनी पाण्याचा फवारा, नाहीतर मधले ठिपके कोरडे पडतात आणि २१,०४९ चा हिशेब बिघडतो.

काळ्या पट्ट्यावर ठिपके स्वच्छ दिसतात, कोऱ्यावर फक्त तिरप्या उजेडात. बारा प्रतींतल्या आठांत दोन्ही थर नीट जुळले.

द्रावणाचा निळा रंग गेला की ते संपलं. मोरीत ओतू नका : धुण्याचा सोडा घाला, गाळ बसू द्या, गाळून वेगळ्या डब्यात ठेवा.