आरसा कुठं टांगलाय

डिसेंबरात सेवाग्रामला गेले. 1936 साली गांधीजी इथं राहायला आले तेव्हा हे शेगाव होतं; गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून 1940 मध्ये नाव बदललं. बापूकुटीत उभ्यानंच वहीत रेघा ओढू लागले, पण खोली काही उतरेना. गादी, बुटकं डेस्क, सगळं पायाशी सांडल्यासारखं दिसे. दाराशी खाली बसले आणि खोली जागेवर आली.

व्हॅन गॉगनं 1888 च्या अखेरीस दोन रिकाम्या खुर्च्या रंगवल्या. गवती बैठकीच्या साध्या खुर्चीवर पाईप आणि तंबाखू, ती त्याची स्वतःची. हात असलेल्या डौलदार खुर्चीवर जळती मेणबत्ती आणि दोन पुस्तकं, ती त्याच्या चित्रकार मित्राची, गोगँची. माणूस चित्रात नाही, तरी दोघांचे स्वभाव समोर बसलेले. मला ही चित्रं फार प्रिय आहेत. पण जिथं खुर्चीच नाही, त्या घरातलं माणूस कुठं शोधायचं?

दुसऱ्या दिवशी हिंगणघाटच्या बाजूच्या एका खेड्यात ओळखीच्यांकडं उतरले. आतल्या खोलीत कापसाची गंजी थेट आढ्यापर्यंत. भाव चढेल म्हणून ठेवलेला कापूस; घरातली माणसं उरलेल्या जागेत अंग चोरून वावरतात, रात्री अंगाला खाज सुटते. आजींनी माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली, ती पाहुण्यांपुरतीच. मी ती सरकवून सारवलेल्या जमिनीवर बसले.

"भुईवर नोका बसू जी, कपडे खराब होतीन. अन् पसारा तर आवरू द्या!"

पसारा राहू द्या म्हणून मी अक्षरशः विनवलं. बसल्या जागेवरून आरसा बरोब्बर डोळ्यांसमोर आला. उभ्या माणसाला त्यात फक्त कंबर दिसावी इतका खाली टांगलेला. शेजारी हाताला येईल असा कोनाडा, त्यात कुंकवाची डबी आणि कंगवा. पाटा, सूप, चूल, सगळं त्याच उंचीवर. खुंटीवरचा दुपट्टा तेवढा वर, तो आजोबांचा. या घरातलं बाईचं जगणं कुठल्या उंचीवर चालतं, ते तिथं लिहिलेलंच होतं. मी आजवर उभी राहून बघत होते.

चित्र पूर्ण झालं. आजींनी वही हातात घेतली, गंजीवरून बोट फिरवलं, आरशापाशी थांबल्या.

"टिकल्या राह्यल्या न बाई."

आरशाच्या कडेला दोन चिकटवलेल्या होत्या. मी पिशवीतून लाल पेन काढलं.