कुर्ट गेरॉन शिकवताना

नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला मी चरित्र अभिनेत्यांवर एक सत्र घेतो. मुलं नायकाकडे बघायला शिकून आलेली असतात. त्याच्या शेजारी जो उभा आहे, ज्याच्यामुळे नायकाचा प्रवेश रंगतो, त्याच्याकडे त्यांनी बघावं एवढाच माझा आग्रह असतो. यंदा मी जर्मन नट कुर्ट गेरॉन निवडला. त्याचा एक धागा आपल्यापर्यंत पोचतो, हेही त्याला कारण होतं. पुलंनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी १९७८ साली थिएटर अकॅडमीसाठी बसवलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ मुलांना माहीत असतो. त्यामागचा नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचा ‘थ्रीपेनी ऑपेरा’ हा संगीतप्रयोग बर्लिनच्या शिफबाउअरडाम थिएटरात ३१ ऑगस्ट १९२८ ला पहिल्यांदा उभा राहिला. त्यातल्या गुंड नायकाच्या, मॅकीच्या, खुनांची जंत्री सांगणारं सुरुवातीचं गाणं त्या रात्री गायलं ते गेरॉनने. पोलीसप्रमुख टायगर ब्राउनही तोच होता.

तास सकाळचा. आधी मी १९३० ची ध्वनिमुद्रिका लावली. त्यात हेच गाणं गेरॉनच्या आवाजात आहे. तो भयंकर गोष्टी कसलाही दबाव न आणता, बाजारभाव सांगावेत तशा सांगतो. मुलांनी पुन्हा लावायला लावली.

मग ‘ब्लू एंजल’ मधले दोन प्रवेश. हा चित्रपटही १९३० चाच. सगळे तो मार्लेन डीट्रिशसाठी बघतात, जुने लोक एमिल यानिंग्ससाठी. मी मुलांना म्हटलं, आज या दोघांकडे बघायचंच नाही; नाटकमंडळीचा मालक, जादूगार कीपर्ट, त्याला धरून ठेवा. यानिंग्स झालाय प्रोफेसर; त्याच्या लग्नाच्या मेजवानीत कीपर्ट त्याच्या नाकातून अंडं काढतो, सगळे हसतात, प्रोफेसर खुशीत कोंबड्यासारखा आरवतो. काही वर्षांनी तोच प्रोफेसर विदूषकाच्या वेषात, आपल्याच गावात, आपल्याच माणसांपुढे उभा असतो. कीपर्ट पुन्हा अंडं काढतो, त्याच्या डोक्यावर फोडतो आणि आरवायला सांगतो. दुसऱ्या प्रवेशात गेरॉन काय करतो ते बघण्यासारखं आहे. तोंडभर हसू प्रेक्षकांसाठी आणि दटावणी प्रोफेसरसाठी, दोन्ही एकाच वेळी. त्याचं अवाढव्य शरीर जराही घाई करत नाही. कीपर्ट दुष्ट नाही, त्याला खेळ पार पाडायचा आहे, आणि म्हणूनच तो प्रवेश अंगावर येतो. यानिंग्सच्या शेवटच्या आरोळीची खूप स्तुती झाली आहे. ती आरोळी त्याच्याकडून खेचून काढणारा गेरॉन आहे, असं माझं ठाम मत आहे.

इथे तास संपायला हवा होता. पण एका मुलीने विचारलं, “सर, या नटाचं पुढे काय झालं?”

सांगणं भाग होतं. बर्लिनच्या ज्यू घरातला मुलगा, जन्म १८९७. वैद्यकीचं शिक्षण घेत होता. पहिल्या महायुद्धात जखमी झाला आणि नंतर रंगभूमीवर आला. मूकपट, बोलपट, कॅबरे म्हणजे गाणी आणि विनोदाचे रंगमंची खेळ, आणि पुढे दिग्दर्शनही. १ एप्रिल १९३३ ला, ज्यूंच्या दुकानांवर बहिष्काराची हाक होती त्या दिवशी, उफा या जर्मन चित्रपट कंपनीच्या स्टुडिओत स्वतःच दिग्दर्शित करत असलेल्या चित्रपटाच्या सेटवरून त्याला बाहेर काढलं. पॅरिस, मग ॲमस्टरडॅम. तिथेही त्याने चित्रपट केले. इकडे नाझींनी १९४० च्या ज्यूद्वेषी प्रचारपटात त्याच्याच जुन्या भूमिकांचे तुकडे ज्यू किती ओंगळ ते दाखवायला वापरले. नटाची भूमिका म्हणजेच त्याचा स्वभाव, असं म्हणून! हॉलंडही नाझींच्या ताब्यात गेलं. तिथली वेस्टरबोर्कची छावणी, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये आजच्या चेकियातली तेरेझिनश्टाटची नाझी छावणी. तिथे कैद्यांसाठी त्याने ‘कारुसेल’ नावाचा कॅबरे उभा केला.

त्याच वर्षी २३ जूनला रेड क्रॉसचे पाहुणे छावणी बघून गेले. ते येण्याआधी गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात सुमारे साडेसात हजार माणसं ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवली होती. पाहुण्यांपुढचा देखावा साधला. मग छावणी चालवणाऱ्या एसएसने, नाझींच्या सशस्त्र दलाने, तशाच देखाव्याचा चित्रपट काढायला घेतला आणि दिग्दर्शनाला कैदी गेरॉनला जुंपलं. चित्रण १६ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर. त्यातला वीसएक मिनिटांचा भाग आज उरला आहे. तो माझ्याजवळ होता. दाखवावा की नाही याचा थोडा विचार केला, मग लावला.

बराकीच्या चौकात फुटबॉलचा सामना चाललाय, कठडे माणसांनी भरलेत. भाजीचे मळे. मुलांचा संगीतिकेचा प्रयोग. कैदी कारेल आंचेर्ल वाद्यवृंद चालवतो, रचना पावेल हास या कैदी संगीतकाराची, आणि शेवटी हास स्वतः उठून अभिवादन करतो. वर्ग इतका वेळ नटाचं काम बघत होता; आता सगळे जण भराभर चेहरे बघू लागले, कुणाचा तरी डोळा खरं सांगतोय का म्हणून. मे पासून थांबलेल्या ऑशविट्झच्या गाड्या २८ सप्टेंबरला पुन्हा सुरू झाल्या. महिन्याभरात अठरा हजारांहून जास्त माणसं गेली. हास त्यात मारला गेला. २८ ऑक्टोबरच्या शेवटच्या गाडीत गेरॉन आणि त्याची बायको ओल्गा होती. पोचताच त्याला मारलं. चित्रपट पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्यांनी पुरा केला.

“त्याने नाही म्हणायला हवं होतं,” तीच मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

मी तारखा पुन्हा फळ्यावर लिहिल्या. चित्रण चालू आहे तोवर गाड्या बंद आहेत. ज्याच्या डोळ्यांपुढे हे होतं त्याने रोज कॅमेरा लावत राहणं, यात मला जगण्याची धडपड दिसते. स्वतःच्या आणि इतरांच्याही. मागच्या बाकावरचा, फारसा न बोलणारा एक मुलगा म्हणाला, “सर, आणि त्याला खूप दिवसांनी शूटिंग करायला मिळत होतं. त्याला कॅमेऱ्यामागे जाऊन बरंही वाटलं असेल.” कोणी त्याला हटकलं नाही. मला वाटतं तो बरोबर होता, आणि ते मान्य केल्याने गेरॉनचा दोष वाढत नाही. छावणीतल्या काही कैद्यांना त्याचा राग आला होता आणि तो राग त्यांचा हक्काचा होता. आपण ऐंशी वर्षांनंतर, पोटभर जेवून बसलेले. आपण राग धरायचा तर ज्यांनी हे घडवलं त्यांच्यावर. छावणीचा कमांडंट कार्ल राम याला १९४७ मध्ये फाशी झाली, त्याचं नाव गेरॉनइतकं तरी लक्षात ठेवा, असं मी म्हटलं.

मुलीचं समाधान झालं नाही. “मी त्याला दोष देत नाही, पण ती फिल्म माफ करता येत नाही,” ती म्हणाली. मी यापेक्षा नेमकं बोललो नव्हतो. जेवणाची सुट्टी उलटून गेली तरी वाद चालू राहिला. ‘ब्लू एंजल’ मधला नायक यानिंग्स नाझी राजवटीत मानाचा नट म्हणून राहिला, डीट्रिश अमेरिकेत गेली, हे कळल्यावर मुलांनी तो प्रवेश परत मागितला. या वेळी कोणी कुजबुजलं नाही, वहीतही मान घातली नाही.

पुढच्या तासाला अंड्याचा तो प्रवेश बसवून आणायचं ठरलं. दरवर्षी मुख्य भूमिकेवरून रस्सीखेच होते. यंदा कीपर्ट कोण करणार यावरून झाली, आणि शेवटी ती भूमिका त्या मुलीने मागून घेतली.