बालवाडीत धान्याची ओळख करून देताना : माझा अनुभव

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका मराठी शाळेला जोडलेल्या बालवाडीत मी गेली अकरा वर्षे शिकवते आहे. गेल्या वर्षी चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी संपल्यावर वर्गातल्या बावीस मुलांबरोबर मी सहा आठवडे धान्य आणि आहार हा एकच विषय घेतला. मुले पाच वर्षांची होती. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी अशा दोन्ही भाषांत ती सहज वावरत होती. विषय ओळखीचाच असल्याने तो सोपा जाईल असे मला वाटले होते, परंतु पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि पुढचे सगळे शिकवणे त्या चुकीने बदलून टाकले.

मी भिंतीवर एक तक्ता लावला होता. त्यावर हिरव्या चौकटीत भाकरी, नाचणी, उकड्या तांदळाची पेज आणि कडधान्ये होती, तर लाल चौकटीत पाव, बिस्किटे आणि मैद्याचे पदार्थ होते. हिरवे ते चांगले आणि लाल ते वाईट, असे मी मुलांकडून म्हणवून घेतले. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा डबा न उघडता बसून राहिला. मी जवळ जाऊन विचारले तेव्हा त्याने झाकण जेमतेम उचलून दाखवले आणि हळूच म्हणाला, “टीचर, पाव वायट.” त्याची आई सकाळी सातच्या पाळीला कारखान्यात जाते. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, ती पाव घेते आणि तेवढ्या वेळात तिला जे जमते ते डब्यात भरते. ज्या अन्नावर ते घर दिवस सुरू करते, त्याची लाज मी त्या मुलाला वाटायला लावली होती. त्याच संध्याकाळी मी तक्ता उतरवला. चांगले आणि वाईट हे शब्द अन्नासाठी वर्गात पुन्हा वापरायचे नाहीत, असे मी ठरवले आणि ते आजपर्यंत पाळते आहे.

त्यानंतर मी सांगणे कमी केले आणि दाणा मुलांच्या हातात दिला. आपल्याकडे चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम, म्हणजे नव्या धान्याचा सण, होते, त्यामुळे भाताची कणसे घरात आणलेली मुलांनी नुकतीच पाहिली होती. मी प्रत्येकाला बशीत दहा दहा दाणे मोजून दिले आणि परत घेतानाही मोजून घेतले, कारण या वयाची मुले दाणा नाकात किंवा कानात घालू शकतात आणि सुट्या दाण्यांशी त्यांना एकटे सोडणे धोक्याचे असते. मुलांनी नखाने तूस सोलले. आतून तांबूस दाणा निघाला तेव्हा भात म्हणजे पांढराच असे समजणाऱ्या कितीतरी मुलांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला. वरचा तांबूस थर म्हणजे कोंडा, टोकाशी असलेला बारीक ठिपका म्हणजे अंकुर आणि उरलेला पांढरा भाग म्हणजे गाभा, एवढेच मी सांगितले. गिरणीत तांदूळ फार पांढरा केला की कोंडा आणि अंकुर निघून जातात आणि त्यांच्याबरोबर तंतू आणि ब गटातील जीवनसत्त्वांचा मोठा भाग जातो, ही गोष्ट पालकांसाठी राखून ठेवली. मुलांसाठी ओल्या फडक्यात बांधून ठेवलेले भात पुरेसे होते. काही दिवसांनी त्याला पांढरे कोंब फुटलेले पाहून त्या ठिपक्यात काय दडलेले असते ते सांगण्याची गरजच उरली नाही.

उकड्या तांदळाबद्दल मी स्वतः बोलले नाही. एका मुलीच्या आजीला बोलावले. भात भिजत कसे घालायचे, भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, ते कसे उकडायचे, अंगणात पसरून दिवसभर कसे हलवत राहायचे आणि दाताखाली दाणा चावून तो पुरेसा वाळला की नाही हे कसे ओळखायचे, हे त्यांनी हातवारे करून सांगितले. भात तुसासकट उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्वांचा काही अंश गाभ्यात मुरतो आणि म्हणून नंतर कांडले तरी ती सगळी वाया जात नाहीत, ही शास्त्राची बाजू मी पालकसभेत जोडली. ज्यांनी आयुष्यभर हे काम केले त्यांनी ते का उपयोगी ठरते हे प्रथमच ऐकले, आणि त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

नाचणीला मात्र वेळ लागला. सत्तरी तालुक्याच्या डोंगरउतारांवर पूर्वी कुमेरी, म्हणजे जागा बदलत केलेल्या फिरत्या, शेतीत नाचणी पिकत असे, परंतु माझ्या वर्गातील बहुतेक मुलांनी तिचा दाणा पाहिलेला नव्हता. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तांदळात त्याच्या कितीतरी पटीने कमी, हे मला माहीत होते. पण पाच वर्षांच्या मुलाला कॅल्शियमचे काय! आम्ही शाळेत जुने दांते, म्हणजे जाते, आणवले, दोघादोघांनी खुंटा धरून ते फिरवले आणि काठावरून राखाडी पीठ झरू लागले तेव्हा मुलांनी बोटे बुडवून त्याचा वास घेतला. त्या पिठाचे गूळ आणि नारळाचा रस घालून तिझण, म्हणजे गोड खीर, केले. पहिल्या दिवशी पाच जणांनी ते चाखले. मी कोणालाही आग्रह केला नाही आणि खाल्ल्याबद्दल बक्षीसही ठेवले नाही, कारण नवी चव मुलाच्या जिभेवर रुळायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा ती समोर यावी लागते. दर शुक्रवारी लहान वाटीत दोन चमचे तिझण ठेवत गेले. सहाव्या आठवड्याच्या शेवटी सतरा मुले ते खात होती, आणि उरलेल्या पाचांवर मी कोणताही शेरा मारला नाही.

पालकसभेत सर्वांत जास्त वेळ गेला तो पावावर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दिवसभराच्या उष्मांकांपैकी तृणधान्यांतून मिळणारा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असे म्हटले आहे. आपल्या घरांत भात, पेज, पाव आणि चहाबरोबरचे बिस्किट मिळून तो सहज पुढे जातो. म्हणून पाव बंद करा असे न म्हणता त्याच्याबरोबर काय द्याल, हा प्रश्न मी पालकांपुढे ठेवला. धान्यांत लायसिन हे प्रथिनाचे घटकद्रव्य कमी असते आणि कडधान्यांत ते भरपूर असते. पावाबरोबर तोणाक, म्हणजे कडधान्याची रस्सा भाजी, खाण्याची आपली जुनी सवय या हिशेबात नेमकी बसते. पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, मिळाली तर अधिक चांगले, मात्र हल्ली पोईतही पुष्कळ मैदा असतो, हेही मी स्पष्टपणे सांगितले.

सभेनंतर त्या मुलाची आई दारापाशी थांबली. रात्री अळसांदे (चवळी) भिजत घालायला आपल्याला जमेल का, असे तिने मला विचारले नाही, स्वतःशीच हिशेब केल्यासारखे बोलली आणि गेली. पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत त्याने डबा उघडला. आत पावच होता आणि शेजारच्या छोट्या डबीत अळसांद्यांचे घट्ट तोणाक होते. त्याने पावाचा तुकडा मोडला, त्यात दोन अळसांदे नीट उचलून घेतले आणि माझ्याकडे न पाहता खाऊ लागला.