हब लॉक, लिव्हर टू व्हीलवर

जुन्या फोर बाय फोरमध्ये सगळ्यात आधी कुरकुरायला लागतो तो न वापरलेला भाग. मागची चाकं रोज राबतात, मागच्या डिफरन्शिअलमधलं (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी) तेल रोज उसळतं, तिथले सील ओले राहतात. पुढचा अर्धा भाग मात्र हब, म्हणजे पुढच्या चाकांना ॲक्सलशी जोडणारी-सोडणारी कुलपं, फ्री केले की ठप्प. ना शाफ्ट फिरत, ना डिफरन्शिअल. तेल तळाला बसून राहतं, वरचे दाते आणि बेअरिंग उघडे पडतात, त्यांच्यावर दमट हवेनं तांबूस गंज चढतो, सील कडक होतात. मग कधीतरी चिखलात गाडी रुतल्यावर फोर व्हीलचा लिव्हर ओढायचा, तो हलायला तयार नसतो, आणि लोक म्हणतात जुन्या गाड्यांचा भरवसा नाही. बाहेर उभं ठेवून गंजवलेलं यंत्र ऐनवेळी का चालावं?

यावर बाबांचा उपाय सोपा होता. महिन्यातून एखाद्या दिवशी खाली उतरून दोन्ही हब लॉक करायचे, लिव्हर मात्र टू व्हीलवरच ठेवायचा आणि रोजच्या रस्त्यानं जाऊन यायचं. पुढची चाकंच पुढचा ॲक्सल फिरवतात, तेल सगळीकडे पोचतं, आणि ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीत, पुढचं-मागचं जोडलेलं नसल्यामुळे डांबरी रस्त्यावरही कशावर ताण येत नाही. गाडी आता माझ्याकडे आहे, आणि हे मी चुकवत नाही.

लिव्हर फोर व्हीलवर टाकायचा तर तो मातीतच. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. माझ्या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नाही, त्यामुळे हा फरक कुठेच जिरत नाही. मातीत चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग शाफ्ट आणि गिअर पिळत जातात आणि लिव्हर अडकून बसतो. अशा वेळी तो हिसडू नये. थोडं रिव्हर्स घ्यावं, पीळ सुटतो, लिव्हर आपोआप हलका होतो.

गेल्या महिन्यात मागच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा, बदलला. लक्षण नेहमीचंच. रिव्हर्समधून पहिल्यात टाकलं की खालून ‘टक्’. खाली जाऊन बघितलं तर क्रॉसच्या चार टोकांवरच्या बेअरिंग-कपांपैकी एकाच्या सीलभोवती विटकरी रंगाची कोरडी भुकटी. आतलं ग्रीस संपलंय आणि बेअरिंगच्या सुया गंजून दळल्या जातायत, याचा याहून चांगला पुरावा लागत नाही.

शाफ्ट उतरवण्याआधी एक गोष्ट, कारण ती जिवावर बेतू शकते. पुष्कळ जुन्या फोर बाय फोरसारखा माझ्या गाडीचा हँडब्रेकही चाकांवर नाही. ट्रान्सफर केसच्या मागे एक ड्रम आहे, तो शाफ्टलाच धरतो. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक कितीही ओढा, तो कशालाच धरत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये असली तरी तेच, कारण इंजिनाचा चाकांशी संबंधच उरलेला नाही. शाफ्ट जागेवर असला तरी मागचं एकच चाक जॅकवर उचललं तर डिफरन्शिअल ते उलटं फिरू देतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं सुटतं. म्हणून सपाट जागा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि उचललेली गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर मी गाडीखाली हातसुद्धा घालत नाही.

आमच्या शाफ्टच्या दोन तुकड्यांवर पांढऱ्या ऑइल पेंटची एक सरळ रेघ आहे. बाबांनी मारलेली. शाफ्ट लांबी कमी-जास्त करायला मध्ये सरकतो, तिथले खाचे एका दातानं जरी पुढे-मागे बसले तरी दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत राहत नाहीत. कोनात फिरणारा क्रॉस पुढच्या शाफ्टला एकसारखा वेग देत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा तो वाढतो, दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही गडबड उलटी करून फेडतो, पण योक समोरासमोर असतील तरच. नाहीतर गाडी थरथरते, आणि माणूस व्हील बॅलन्सिंग करत बसतो. रेघ नसेल तर सुटं करण्याआधी मारून घ्या.

जुना क्रॉस व्हाइसमध्ये दाबून काढला. नवा बसवताना शेवटच्या कपाची सर्क्लिप (कप जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काही केल्या खाचेत बसेना. अशा वेळी हातोड्याकडे हात जातो. मुलगा टॉर्च धरून बसला होता, तो म्हणाला, “अगं आई, एक सुई आडवी पडलीये बघ आत.” कप काढला तर खरंच, एक सुई तळाला झोपलेली. तिच्या जाडीएवढा कप बाहेर राहत होता. सगळ्या सुया घट्ट ग्रीसमध्ये पुन्हा उभ्या चिकटवल्या, कप अंगठ्यानं आत गेला, क्लिप टिचकीसरशी बसली. मग चारही सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत गन मारली. तीनच बाजूंनी आलं तर चौथी कोरडी आहे असं समजायचं.

तेलाबद्दल थोडक्यात. आधी भरायचा बोल्ट ढिला होतोय का बघा, मगच खालचा उघडा. भरायचा बोल्ट गंजून अडकला असेल आणि तेल सांडून गेलं असेल तर गाडी तिथेच राहते. निघालेलं तेल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. डिफरन्शिअलचं जीएल-५ तेल ‘भारी’ म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतायचं नाही, त्यातली गंधकाची रसायनं गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगा खाऊ शकतात. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच.

आणि ॲक्सलचा ब्रीदर. आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारी बोटाएवढी नळी, तिच्याकडे कुणी बघत नाही. ती चिखलानं बुजली की गरम झालेली आतली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते. तोच ॲक्सल थंड ओढ्यात बुडाला की हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. नवा सील टाकूनही गळतंय असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ब्रीदरचा. माझी नळी मी लांब करून इंजिनच्या खोलीत वर बांधलीये.

चॅसीचं मी दर पावसाळ्यानंतर मडकं वाजवून बघावं तसं बघते. हलक्या हातोडीनं ठोकत जायचं, खणखणीत वाजलं तर पत्रा शाबूत, बद्द वाजलं तर आतून गेलाय. बंद पेटीसारख्या चॅसीत गंज आतूनच लागतो, म्हणून खालची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी करते. वेल्डिंग मात्र मी करत नाही, ते ज्याचं त्यानं करावं.

सध्या पुढच्या डाव्या चाकाच्या स्टिअरिंग नकलमधून, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्यातून, तेल झिरपतंय. तिथला सील बदलायचा म्हणजे ब्रेक, हब, सगळं उतरवायचं, मग नकल ज्यावर वळतं त्या किंगपिनची बेअरिंगही त्याच खेपेला बदलणार. सामान आलं की एक आख्खा रविवार त्यातच जाणार.