तुळईचं तोंड भिंतीत कुजतं

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात तुळई वाकलेली दिसली की सगळ्यांची नजर खोलीच्या मधोमध जाते. लाकूड कुजतं मात्र भिंतीत शिरलेल्या तोंडाशी, जिथे वारा लागत नाही आणि पनाळीचं, म्हणजे छतावरून पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीचं, पाणी मुरतं. अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या एका गावी जुन्या घराच्या पाहणीला गेलो होतो, तिथे हे अगदी मापात दिसलं.

माजघर १२ फूट रुंद, १५ फूट लांब. रुंदीवर सागाच्या दोन तुळया, ८ बाय १० इंची, म्हणजे पाच-पाच फुटांचे तीन खण. त्यावर कड्या (तुळयांवर आडवी टाकलेली बारीक लाकडं), पाट (फळ्या) आणि माती. घरमालक नानांनी वाकलेल्या तुळईसाठी तिघांचे खर्चाचे अंदाज घेऊन ठेवले होते. पहिल्याच्या कागदावर एकच ओळ: ‘तुळई बदलणे, मजुरीसह’, पुढे आकडा. दुसऱ्याने तुळईखाली मधोमध लोखंडी खांब सुचवला होता. तिसरा गावाजवळचाच सुतार. त्याने आकडाच दिला नव्हता, ‘भिंत उकरल्याशिवाय सांगता येणार नाही’ एवढंच लिहिलं होतं. नानांना ती टाळाटाळ वाटली. मला तिघांत तोच कामाचा वाटला, म्हणून त्याला बोलावून घेतलं.

आधी मापं. पारदर्शक नळीत पाणी भरून तुळईच्या दोन्ही तोंडांची पातळी घेतली. पश्चिमेचं तोंड पूर्वेपेक्षा सव्वा इंच खाली होतं. मग दोन्ही टोकांना दोन-दोन इंचांचे ठोकळे धरून खालून दोरी ताणली. मध्यावर दोरी आणि लाकूड यांत दीड इंच उरलं, म्हणजे तुळईला पोट फक्त अर्ध्या इंचाचं. १२ फुटांच्या इतक्या जुन्या लाकडाला एवढं पोट असायचंच. घर बसत होतं ते पश्चिमेच्या भिंतीत. मधोमध खांब दिला असता तर पश्चिमेचं तोंड तसंच कुजत राहिलं असतं आणि पुढे अर्धी तुळई त्या खांबावरून अधांतरी लोंबली असती.

वर चढून मातीची जाडी पाहिली: १६ इंच. दर उन्हाळ्यात, आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर), गळतंय म्हणून खारी मातीचा नवा थर टाकतात, पण जुना कुणी काढत नाही. कोरडी माती घनफुटाला ४५ किलोच्या आसपास भरते. एका तुळईच्या वाट्याला ५ बाय १२ म्हणजे ६० चौरस फूट छत. १६ इंच जाडीने ८० घनफूट, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त. पावसात भिजली की आणखी. माती ६ इंचांवर आणली तर हाच भार साडेतेराशे किलोंवर येतो. लाकडाला हात लावण्याआधी दुरुस्तीचा अर्धा भाग इथेच होतो, आणि तिन्ही अंदाजांत माती उतरवण्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

भिंत उकरण्याआधी टेकू हवेत. जमीन शेणामातीची असेल तर टेकूचा बुडखा तीत रुततो, म्हणून खाली चार फुटी जाड फळी आडवी टाकली. टेकू भिंतीपासून तीन फूट आत, दोन, शेजारी-शेजारी, ओळंब्यात (अगदी उभे), आणि बुडाशी समोरासमोर ठोकलेल्या पाचरी. भिंतीला चिकटून टेकू दिला तर काम करायला जागा राहत नाही आणि तो कुजलेल्या भागाखालीच येतो.

तोंडाभोवतीची माती सुटली तेव्हा सुतारानं पटाशी (सपाट धारेची छिन्नी) टेकवून नुसती दाबली, ती तीन इंच आत गेली. तो म्हणाला, “नाना, वरतीन चांगलं दिखस, मझार पोकय शे.” (वरून चांगलं दिसतं, आत पोकळ आहे.) बाहेरून रंग दिलेला, कोपरे धारदार, आणि आत उधईच्या (वाळवीच्या) मातीच्या नळ्या. मग ६ मिलिमीटरच्या ड्रिलने दर चार इंचांवर भोक घेत तो मागे सरकत गेला. तोंडापासून १४ इंचांपर्यंत काळसर ओला भुसा, अडवणूक काहीच नाही. त्यापुढे कोरडा, सोनेरी भुसा, आणि ड्रिलचा आवाज बदलला. ठेकेदार निवडताना हे एवढं करून बघायला सांगा. जो भोक घेऊन भुसा तळहातावर घेतो, त्याच्या आकड्याला अर्थ असतो.

अख्खी तुळई बदलायची तर दोन्ही भिंतींतली बैठक धरून १४ फूट लाकूड लागतं: ८ गुणिले १० गुणिले १४, भागिले १४४, म्हणजे पावणेआठ घनफूट साग. शिवाय सगळ्या कड्या उचलायच्या. इथे तोंडाकडचे दोन फूट कापून तेवढाच नवा तुकडा बसवायचं ठरलं, म्हणजे सव्वा घनफूटही नाही. दोन्ही बाजूंनी सहा इंची लोखंडी चॅनल (पन्हळीच्या आकाराची जाड पट्टी), प्रत्येकी सहा फूट. त्यातले चार फूट निरोगी लाकडावर, १६ मिलिमीटरचे सहा बोल्ट, वर-खाली अशा नागमोडी ओळीत. एका सरळ रेषेत भोकं घेतली की साग त्याच रेषेत उभा चिरतो. भोकं आधी पाडून चॅनल रंगवून आणायचे. लाकडाला लावून जागेवर वेल्डिंग करू दिलं तर आतलं लाकूड जळून बोल्ट ढिले होतात. नवा तुकडा गाभ्याचाच हवा, सागाचा बाहेरचा पांढरट भाग उधई सोडत नाही.

क्रम असा: आधी माती टोपल्यांनी सारखी उतरवणे, मग जॅक. दिवसाला तीन-चार मिलिमीटरच उचलायचं, नाहीतर शेजारच्या खणाच्या कड्या सांध्यातून निसटतात. रात्रभर भार जॅकवर ठेवायचा नाही, तेल झिरपून तो बसतो. प्रत्येक उचलीमागे पाचरी ठोकून भार टेकूवर घ्यायचा. भिंतीत चॅनलखाली काळ्या दगडाची बैठक, आणि तोंडाच्या बाजूंनी व मागे इंचभर पोकळी. गवंडी ती माती भरून बंद करू पाहतो, तेव्हा तिथे उभं राहावं लागतं. भिंतीच्या बुडाशी उधईसाठी २० टक्क्यांचं क्लोरपायरीफॉस, एका लिटरला १९ लिटर पाणी, हातमोजे आणि मास्क घालूनच. छताला १० फुटांत ३ इंच उतार आणि पनाळ भिंतीबाहेर दीड फूट, हे झालं नाही तर नवं तोंडही कुजेल.

करारात नानांना चार गोष्टी वेगळ्या लिहून घ्यायला लावल्या: लाकडाचा घनफुटाचा दर, मजुरी, टेकू आणि ताडपत्री कुणाची, आणि उकरल्यावर जास्त कूज निघाली तर त्याचा दर. निघालेलं जुनं लाकूड मालकाचं, हेही. नाहीतर मिस्त्री ते मजुरीत धरून घेऊन जातो आणि मग भांडणं होतात. नवा साग वखारीच्या बिलासह आणि वन खात्याच्या वाहतूक पासासह. काम मृगाच्या आत. शेवटचे १० टक्के पैसे पावसाची पहिली झड होऊन गेल्यावर, पुन्हा पाण्याची नळी लावून दोन्ही तोंडांची पातळी जुळली तरच द्यायचे, असं सुतारानं स्वतःच सांगितलं आणि नानांनी तेच कागदावर घेतलं.