मारुती ८०० च्या प्लग वायरी बदलल्या: घाटातल्या मिसिंगचा शोध

माझी १९९६ सालची कार्बोरेटरची मारुती ८०० मे महिन्यात कन्नड घाटात मिसिंग करू लागली, म्हणजे इंजिनाचा एखादा ठोका मधेच चुकू लागला. चाळीसगावहून पाचोऱ्याकडे जाताना सपाट रस्त्यावर तिची काहीच तक्रार नसे. मात्र घाटाच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन झटके देई आणि पाय सैल केला की पुन्हा सुरळीत होई. ७९६ सीसीच्या या इंजिनाला तीनच सिलिंडर असल्यामुळे क्रँकशाफ्टच्या दर २४० अंशांना एक स्फोट होतो. एक सिलिंडर चुकला की तब्बल ४८० अंश इंजिनाला रेटा मिळत नाही आणि स्टिअरिंगसकट सगळी गाडी हादरते. तेव्हा मीटरवर ८४,३१० किलोमीटर झाले होते.

पहिला संशय मी कार्बोरेटरवर घेतला. एका गॅरेजमध्ये त्याचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) साफ करून घेतले, पेट्रोल फिल्टर बदलला आणि दोन दिवसांनी पुन्हा घाट चढलो, तर झटके जसेच्या तसे होते. आमच्या गल्लीत एक वयस्कर मिस्त्री राहतात, ज्यांची उमेदीची वर्षे फियाट आणि ॲम्बेसेडर दुरुस्त करण्यात गेली. त्यांनी बोनेट उघडून इंजिन नुसते ऐकले आणि म्हणाले, "भाऊ, पयले वायर देख, मंग कार्बोरेटरले हात लाव." हा क्रम मी आता कायमचा लक्षात ठेवला आहे, कारण त्यामागे साधे शास्त्र आहे. चढावर थ्रॉटल जास्त उघडतो, सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरते आणि त्याचा दाब वाढतो. दाटलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवायची तर कॉइलला, म्हणजे बॅटरीच्या विजेचे व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला, जास्त व्होल्टेज उभे करावे लागते. वायरीचे रबर थकलेले असेल तर तेवढ्या दाबाची वीज प्लगपर्यंत पोहोचण्याऐवजी जवळच्या एखाद्या लोखंडी भागात उतरते. पेट्रोल कमी पडले की गाडी हळूहळू दम सोडते, ठिणगी चुकली की ती खाडकन झटका देते. दोन्हींतला फरक सीटवर बसल्या बसल्या कळतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी खूण रेडिओने दिली होती, पण तिच्याकडे मी दुर्लक्ष केले होते. गाडीतल्या जुन्या रेडिओवर मीडियम वेव्ह लावले की खरखर येई आणि इंजिनाचा वेग वाढला की खरखरही त्याच लयीत वाढे. प्लग वायरीच्या आत तांब्याची तार नसते. काचतंतूच्या दोऱ्यावर कार्बन चढवलेला असतो आणि त्याचा रोध मुद्दाम ठेवलेला असतो, जेणेकरून ठिणगीच्या लहरी रेडिओत शिरू नयेत. पूर्वी नसलेली खरखर नव्याने सुरू झाली, तर त्या कार्बनच्या गाभ्यात किंवा वरच्या रबरात काही तरी बिघडले आहे, असे समजायला हरकत नाही.

जूनच्या पहिल्या पावसानंतरच्या सकाळी गाडी आयडलिंगलाही अडखळू लागली, तेव्हा मी अंधारातली तपासणी करायचे ठरवले. रात्री दहानंतर पडवीतला दिवा मालवला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढला, इंजिन सुरू केले आणि झाडांना पाणी फवारण्याच्या बाटलीने वायरींवर हाताच्या अंतरावरून अगदी बारीक तुषार सोडले. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटे लागली. मग कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे (तिन्ही प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या वायरीच्या वळणावर, जिथे ती पत्र्याच्या ब्रॅकेटला टेकली होती, तिथे केसाएवढा निळसर धागा लुकलुकताना दिसला. त्याच्यासोबत टिक् टिक् असा कोरडा आवाज येत होता आणि जवळ गेल्यावर ओझोनचा तिखट वासही आला. या तपासणीत वायरीला किंवा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला हात लावू नये. तिथे पंधरा-वीस हजार व्होल्टची वीज असते. सैल बाह्या आणि गळ्यातला रुमालही पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवावा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून चारही वायरी (तीन प्लगच्या, एक कॉइलची) काढल्या आणि मल्टिमीटर लावला. सुझुकीच्या या इंजिनांना वायरीचा रोध मीटरभर लांबीला १० ते २२ किलोओम असावा लागतो. त्यामुळे नुसता आकडा न पाहता लांबी मोजून भागाकार करावा लागतो. पहिल्या सिलिंडरची वायर सर्वांत लांब, ५२ सेंटिमीटर. तिचा रोध ७.८ किलोओम आला, म्हणजे मीटरमागे १५. तिसरीही ठीक होती. कॉइलची वायर, जिच्यावर मी रात्री डोळ्यांनी ठिणगी पाहिली होती, तीसुद्धा मीटरवर निर्दोष ठरली. इथे मी बराच वेळ थांबून विचार केला. मल्टिमीटर वायरीच्या गाभ्याचा रोध सांगतो. वरचे रबर वीज अडवू शकते की नाही, हे त्याच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीला कळण्याचा संबंधच नाही. वायर उन्हात धरून वाकवली तेव्हा ब्रॅकेटच्या जागी रबरावर बारीक भेगा पडलेल्या दिसल्या आणि त्यांतल्या एकीत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती. वीज त्याच वाटेने वारंवार गेल्यामुळे तिथे कार्बनचा माग तयार झाला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि त्यात बोनेटखालची धग मिसळते. अशा ठिकाणी रबर कडक होऊन तडकते, यात नवल नाही.

दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीची गोष्ट उलटी निघाली. वरून रबर धडधाकट होते आणि टेबलावर सरळ ठेवल्यावर रोधही बरोबर येत होता. मात्र मीटरच्या पिना लावलेल्या असतानाच प्लगवर बसणाऱ्या टोपीजवळ वायर हळूच वाकवली, तेव्हा आकडा उड्या मारू लागला आणि शेवटी मीटरने सर्किट तुटल्याची खूण दाखवली. टोपी मागे सरकवून पाहिले तर पितळी टोकाशी कार्बनचा दोरा जळून तुटला होता आणि त्याची काळी भुकटी बोटाला लागली. पूर्वी कोणी तरी टोपी न धरता वायरच ओढून प्लग काढला असणार. दुसरा प्लगही काजळीने काळा आणि पेट्रोलने ओला होता, उरलेल्या दोघांची टोके फिकट तपकिरी होती. म्हणजे दोन वेगवेगळे दोष एकाच वेळी नांदत होते आणि एका तपासणीत एकच सापडला असता. म्हणून माझी विनंती अशी की मीटर लावताना वायर वाकवून पाहावी आणि मीटरने चांगली ठरवलेली वायरही अंधारात पाहिल्याशिवाय पास करू नये.

नवा संच आणायला चाळीसगाव-धुळे रेल्वेने गेलो आणि आग्रा रोडवरच्या दुकानातून चार वायरी, तीन प्लग घेतले. जुना संच सोबत नेला होता, हे बरे झाले. दुकानदाराने प्रथम काढलेल्या संचातली कॉइलची वायर चार बोटे आखूड भरली. गाडीचे वर्ष आणि ती कार्बोरेटरची आहे की एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी), हे दोन्ही सांगून मागावे.

बसवण्याचे काम तासाभराचे होते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे, पण ती आठवण्याची वेळच येऊ नये म्हणून एका वेळी एकच वायर काढून तिच्या जागी नवी बसवली. टोपी धरून प्रथम डावी-उजवीकडे किंचित फिरवली की चिकटलेले रबर सुटते, मग ओढावे. प्लग इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढले, कारण हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि गरम असताना आटे खेचले जाण्याची भीती असते. जुन्या प्लगांची गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, झिजून १.१ मिलिमीटर झाली होती. नव्यांची फिलर गेजने ०.८ ठेवली. गॅप वाढली की व्होल्टेजची गरज वाढते आणि ते ओझे शेवटी वायरीच्या रबरावरच येते. नवे प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवून, वॉशर टेकल्यानंतर पान्याने अर्धा फेरा दिला. टोप्यांच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि प्रत्येक टोपी 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबली. वायरी एकमेकींना चिकटून समांतर जाणार नाहीत आणि एक्झॉस्टला टेकणार नाहीत, अशा क्लिपांत अडकवल्या. कॉइलच्या वायरीसाठी ते ब्रॅकेट थोडे वाकवून दोन बोटे जागा केली.

कोणता सिलिंडर मेला आहे हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर प्लगची टोपी उपटण्याची जुनी पद्धत मी वापरली नाही. तिने कॉइलवर ताण येतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) असलेल्या गाडीत न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन कन्व्हर्टर तापवते.

त्याच रात्री पुन्हा दिवा मालवून पाणी फवारले. पूर्ण काळोख होता आणि रेडिओवरची खरखरही गेली होती. पुढच्या रविवारी चौघे जण बसवून, भर पावसात कन्नड घाट चढलो. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाशी दाबून ठेवला, तरी इंजिनाने एकदाही ठोका चुकवला नाही. डिस्ट्रिब्युटर कॅपमधला कार्बनचा दांडा मात्र निम्मा झिजलेला दिसला आणि त्याच्या आत फिरणाऱ्या रोटरच्या टोकावर पांढरट थर आहे. तो पॉलिश पेपरने न घासता कॅप आणि रोटर जोडीनेच बदलणार आहे. ते काम आता पोळ्याच्या सुट्टीत.