७८ हजारांच्या आधी लाइटबिल पाहा

छतावरच्या सोलरची चौकशी करणाऱ्या दहातल्या आठ जणांचा पहिला प्रश्न एकच असतो: सरकारी अनुदानाचे ७८ हजार कसे मिळतील? प्रश्न वावगा नाही, पण त्याने सुरुवात केली की पुढचं सगळं गणित उलटं मांडलं जातं. आकडा ३ किलोवॉटचा आहे, म्हणून ३ किलोवॉट बसवायचं ठरतं. घरात मात्र महिन्याला १८० युनिट वीज लागते आणि तिसऱ्या किलोवॉटचे पैसे वर्षानुवर्षं गच्चीवर नुसते पडून राहतात.

आधी अनुदानाची रचना समजून घेऊ. 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. १ कोटी घरं आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, असा तिचा आवाका आहे. पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार आणि त्यापुढे शून्य. म्हणून कमाल ७८ हजार. तिसऱ्या किलोवॉटला सरकार हात आखडता घेतं, कारण पहिल्या दोनांवर अंदाजित किमतीच्या ६० टक्के मदत आहे, तर तिसऱ्यावर ४० टक्के. बाजारात प्रत्येक किलोवॉटचा खर्च साधारण सारखाच येतो. म्हणजे तिसऱ्यात खिशातून जाणारी रक्कम सगळ्यात जास्त.

आता बिल काढा आणि एका महिन्याचं न पाहता मागच्या बारा महिन्यांची युनिटं मिळवा. महाराष्ट्रात १ किलोवॉटपासून दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे वर्षाला १,४०० च्या आसपास युनिटं मिळतात. महिन्याला १८० युनिट वापरणाऱ्या घराची वर्षाची गरज २,१६०. दीड किलोवॉट त्याला जवळजवळ पुरतं, पंखे-फ्रिज वाढणार असतील तर २ पुरे. ३ बसवलं तर वर्षाला दोन हजारांवर युनिटं उरतात आणि ती ग्रिडमध्ये जातात.

इथे नेट मीटरिंगची मेख कळायला हवी. दुपारी जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री तुम्ही वीज घेता आणि युनिटाला युनिट वजा होतं. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हा हिशेब ३१ मार्चला मिटतो. तोवर शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात आणि तो दर तुम्ही विजेला मोजता त्यापेक्षा बराच कमी असतो. जानेवारी ते मार्च आकाश निरभ्र, उत्पादन भरपूर आणि एसी अजून बंद. नेमकी तेव्हाची शिल्लक एप्रिलच्या उकाड्याआधीच मिटते. याउलट एप्रिल-मेमध्ये साठलेली युनिटं पावसाळ्यात कामी येतात, जेव्हा कोकणात उत्पादन निम्म्यावर येतं. त्यामुळे जोडणी एप्रिलच्या सुरुवातीला मिळाली तर पहिलं वर्ष छान जातं.

दुसरी गोष्ट वीजदराच्या टप्प्यांची. महावितरणचे घरगुती दर १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, त्यापुढे आणखी चढे. सोलरची युनिटं आधी तुमची सर्वात महाग युनिटं खातात. ४०० युनिट वापरणाऱ्याने २ किलोवॉट बसवलं तर वजा होणारी २४० युनिटं वरच्या दरांची असतात, म्हणून परतावा लवकर होतो. बिल शून्यावर आणण्याच्या हट्टापायी पुढचा किलोवॉट घ्यायचा, तर तो स्वस्त टप्प्यातली युनिटं वाचवतो आणि त्याचा पैसा हळू वसूल होतो. शिवाय स्थिर आकार राहतोच, तो सोलरने जात नाही. आमचा सल्ला सरळ आहे: वर्षाच्या गरजेच्या ८० ते ९० टक्के उत्पादन धरा. इलेक्ट्रिक स्कूटर किंवा इंडक्शन येणार असेल तरच वर जा.

ज्यांचा वापर मुळातच महिन्याला १०० युनिटांच्या आत आहे, त्यांच्यासाठी राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' ही पूरक योजना आणली. १ किलोवॉटला केंद्राचे ३० हजार आणि वर राज्याचे: दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातींतल्या ग्राहकाला १५,०००, सर्वसाधारण गटातल्याला १०,०००. किंमत ५० हजार धरली तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला अडीच हजारच भरावे लागतात. या योजनांमधली सर्वात नेमकी मदत आम्हाला हीच वाटते, कारण बिलाचा ताण ज्या घरात जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचतो तिथे ती जाते.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. राज्य, वीज कंपनी आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकला की नोंदणी होते. १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी आता लागत नाही, मंजुरी गृहीत धरली जाते आणि मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून देण्याची जबाबदारी वीज कंपनीवर आहे. मग पोर्टलवरच्या यादीतली एजन्सी निवडायची, काम करून घ्यायचं, फोटो आणि अनुक्रमांक अपलोड व्हायचे, नेट मीटर लागायचा, पाहणी व्हायची, कार्यान्वित झाल्याचा अहवाल निघायचा आणि शेवटी बँक खात्याचा तपशील भरायचा. अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात येतं. एजन्सी 'अनुदान वजा करून उरलेले पैसे द्या' म्हणाली तर ती स्वतःचे पैसे अडकवते आहे, एवढंच. अशा वेळी खात्याचा किंवा ओटीपीचा ताबा तिला देऊ नका.

अर्ज अडतात ते बहुतेक नावावर. बिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन दहा वर्षं झाली, आधार नातवाचं आणि बँक खातं सुनेचं. पोर्टलला हे जुळत नाही आणि जुळायलाही नको. सोलरचा विचार डोक्यात आला त्याच दिवशी वीजजोडणीच्या नावात बदलाचा अर्ज द्या, सोबत मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि घरपट्टीची पावती. आडनाव आधी की नाव आधी, एवढ्या फरकानेही फाइल परत येते. थकबाकी असेल तर ती भरून पावती जवळ ठेवा. या घरासाठी पूर्वी सोलर पॅनेलचं अनुदान घेतलं असेल तर ते पुन्हा मिळत नाही.

यानंतर अडणारा मुद्दा पॅनेलचा. अनुदानासाठी नुसतं पॅनेल भारतात बनलेलं असून चालत नाही, आतले सेलसुद्धा भारतातच बनलेले हवेत. यालाच बाजारात 'डीसीआर' पॅनेल म्हणतात. ते थोडं महाग पडतं, म्हणून काही ठिकाणी कोटेशन डीसीआरचं आणि माल साधा, असं घडतं. प्रत्येक पॅनेलच्या मागच्या बाजूला अनुक्रमांक असतो. पॅनेल वर चढवण्यापूर्वी, खाली अंगणात उभी असतानाच त्या सगळ्यांचे फोटो काढा आणि बिलावरच्या अनुक्रमांकांशी ताडून पाहा. एकदा स्ट्रक्चरवर बसल्यावर मागचा कागद दिसत नाही.

क्षमता कशी मोजतात हेही कोटेशनमध्ये पाहा. पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणारं यंत्र) यांत जे कमी, तेवढीच क्षमता अनुदानाला धरतात. ५४० वॉटची ५ पॅनेल म्हणजे २.७ किलोवॉट. त्यांना ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर जोडला तरी अनुदान २.७ चंच, म्हणजे ७२,६०० रुपये. पूर्ण ३ साठी ६ पॅनेल हवीत, ती ३.२४ होतात. एवढ्याला साधारण ३०० चौरस फूट सावलीविना जागा लागते.

सावलीबद्दल जरा थांबून बोलायला हवं. घरगुती संचात पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात आणि त्यांतून एकच प्रवाह वाहतो. एका पॅनेलवर सावली पडली तर नुकसान त्या पॅनेलपुरतं थांबेलच असं नाही, आतल्या बायपास डायोडमुळे ते आटोक्यात येतं इतकंच. आपल्याकडे सावलीचे गुन्हेगार ठरलेले: पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचा नारळ, डिश अँटेना. पाहणी एप्रिलमध्ये केली तर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि सगळं मोकळं दिसतं. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो आणि तीच टाकी तीन पॅनेलांवर सावली टाकते. म्हणून टाकी, भिंत किंवा झाड पॅनेलच्या दक्षिणेला असेल तर अडथळ्याच्या उंचीच्या किमान दीडपट अंतर सोडा. सकाळ-संध्याकाळची सावलीही चुकवायची तर दुप्पट. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल १५ ते २० अंश, हा महाराष्ट्र-गोव्यासाठी बरा. त्याहून सपाट ठेवलं तर पावसाने धूळ वाहून जात नाही, खालच्या कडेला चिखलाची पट्टी साचते.

स्ट्रक्चर गरम जस्तात बुडवलेल्या लोखंडाचं, जस्ताचा थर ८० मायक्रॉन. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच. रत्नागिरी, मालवण किंवा पणजीच्या खाऱ्या हवेत साधे बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात आणि चक्रीवादळाच्या वेळी अख्खं पॅनेल सुटतं. गच्चीला भोक पाडायचं असेल तर केमिकल अँकर लावून वर वॉटरप्रूफिंग करून घ्या. नाहीतर पायांना काँक्रीटचे ठोकळे द्या, भोक नको.

वायरिंगमध्ये सहा पॅनेलांची एक ओळ म्हणजे उघड्यावर ३०० व्होल्टच्या आसपास डीसी. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. म्हणून पॅनेलच्या बाजूला डीसीसाठीच बनवलेला एमसीबी (बिघाड होताच आपोआप पडणारा स्विच) हवा, साधा घरातला नाही. केबल ४ चौरस मिलिमीटरची, तांब्याची, उन्हात टिकणाऱ्या आवरणाची. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात खरे, पण आतला स्पर्श नीट होत नाही. ते तापतात आणि वितळतात. गच्चीवरच्या आगींचं हे नेहमीचं मूळ आहे. अर्थिंगचे खड्डे तीन: डीसी बाजू, एसी बाजू आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा). वीजरोधकाची तार बाकीच्या अर्थिंगला जोडून एक खड्डा वाचवतात, ते करू देऊ नका. रोध ५ ओहमच्या आत आहे हे मीटर लावून दाखवायला सांगा.

गावाकडे हमखास येणारी तक्रार अशी: 'ऊन चांगलं असतं तेव्हाच इन्व्हर्टर बंद पडतो.' कारण साधं आहे. दुपारी गावात वापर कमी, लाइनचा दाब (व्होल्टेज) आधीच वर. त्यात तुमची वीज बाहेर ढकलायला इन्व्हर्टरला लाइनपेक्षा थोडा जास्त दाब द्यावा लागतो. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तो सुरक्षिततेसाठी स्वतःहून सुटतो. इन्व्हर्टर ते मीटर वायर बारीक आणि लांब असेल तर हा दाब आणखी चढतो. इन्व्हर्टर मीटरजवळ ठेवा, तांब्याची ६ चौरस मिलिमीटर वायर घ्या. तरीही २५० च्या वर दिसलं तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून दाब कमी करण्याचा लेखी अर्ज द्या, सोबत दुपारच्या नोंदी.

आणि हो, लाइट गेली की साधा सोलरही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था आहे. भारनियमनात वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते आणि बॅटरीला या योजनेत अनुदान नाही.

सोसायट्यांना सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे आणि गाड्यांचं चार्जिंग यासाठी किलोवॉटला १८ हजार मिळतात. मर्यादा दर घरामागे ३ किलोवॉट आणि एकूण ५००. इथेही नावच आडवं येतं: सामाईक मीटर बिल्डरच्याच नावावर राहिलेला असतो. तो आधी सोसायटीच्या नावावर करा, सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या आणि ठरावात गळतीची जबाबदारी कोणाची हे स्पष्ट लिहा. वरच्या मजल्यावरच्या सभासदाचा विरोध बहुधा तिथेच मावळतो. अग्निशमन दलाला ये-जा करायला वाटही सोडा.

गावांसाठी याच योजनेत आदर्श सौर गावाची स्पर्धा आहे. ५ हजारांवर लोकसंख्येच्या गावांतून जिल्ह्यात जे पुढे येईल त्याला १ कोटी रुपये. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी तर त्याहून कितीतरी लहान. शंभरेक घरांची ती वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. ग्रामसभेने एकमुखाने ठरवलं तर काय होतं, हे पाहायला तिथे जरूर जावं.

पैसे कमी पडत असतील तर ३ किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं, व्याज रेपो दराच्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्या) अर्धा टक्का वर. सप्टेंबर २०२५ पासून सोलर संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या दराचं कोटेशन आलं तर परत पाठवा. एजन्सीला पाच वर्षं देखभाल द्यावी लागते, ती करारात लिहून घ्या.

पॅनेल धुणं पंधरा दिवसांतून एकदा, सूर्योदयापूर्वी. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, बोअरचं जड पाणीही नको, त्याचे पांढरे डाग खरवडूनही निघत नाहीत.

नेट मीटर लागल्यावरचं पहिलं बिल जपून वाचा. त्यात आयात आणि निर्यात अशी दोन वेगळी रीडिंग हवीत. निर्यात शून्य दिसत असेल तर मीटर बदलल्याची नोंद बिलिंगमध्ये गेलेली नाही. त्या दिवशीचा मीटरचा आणि इन्व्हर्टरच्या पडद्याचा फोटो घेऊन त्याच महिन्यात तक्रार नोंदवा. बिलाचं चक्र पुढे गेलं की दुरुस्तीला तीन-तीन महिने लागतात आणि मार्च जवळ असेल तर ती युनिटं हिशेबातूनच सुटतात.